गोळीमागे दोन मिलिग्रॅम

बडोद्यातल्या एका औषध कारखान्यात मी आकडेवारी बघते. वार्षिक आढाव्याला ५०० मिलिग्रॅम वजनाच्या एका गोळीची फाईल आली. २५० किंवा त्याहून जास्त मिलिग्रॅमच्या गोळीला भारतीय औषधकोश सरासरीपासून ५ टक्के फरक चालवून घेतो. वर्षभरात एकही गोळी त्या हद्दीकडे फिरकली नव्हती. साहेबांनी सही करून टाकायला सांगितलं.

माझं मन तयार होईना. सगळं मर्यादेत आहे म्हणजे वर्षभर काही बदललंच नाही, असं नसतं. क्यूसी लॅबमधल्या, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या, वजनांची रांग जवळजवळ हजार नोंदींची. तिला एके ठिकाणी कापून दोन्हीकडच्या सरासऱ्या ताडून पाहिल्या. कुठेच ठसठशीत फरक नाही. पण ही पद्धत एका बाबतीत भोळी आहे. वजन मध्येच थोडे दिवस चढून परत खाली आलं, तर काप कुठेही घ्या, तो उंचवटा शेकडो साध्या नोंदींत विरघळून जातो. दोन उलट बदल एकमेकांना झाकतात.

संख्याशास्त्रज्ञ पिओत्र फ्रिझ्लेविच यांनी २०१४ साली यावर तोडगा मांडला: रांगेतून लहानमोठे तुकडे यदृच्छेने उचलायचे आणि प्रत्येकात काप शोधायचा. उंचवट्याची एकच कड ज्यात सापडते असा तुकडा हाती लागला की बदल उघडा पडतो. मी तेच चालवलं. किती मोठ्या फरकाला बदल म्हणायचं, तो उंबरठा मुद्दाम कडक ठेवला, कारण तो ढिला सोडला की हे सॉफ्टवेअर दर सोमवारी नवा बदल दाखवतं. पावसाळ्यातल्या दोन तारखा आल्या. मधल्या काळात गोळी सरासरी २ मिलिग्रॅमनं जड.

गंमत पुढेच होती. कॉम्प्रेशनच्या, म्हणजे गोळ्या दाबून बनवायच्या, खोलीतल्या रजिस्टरात त्याच दिवसांची वजनं एकदम सपाट! मी तारखांचा कागद घेऊन ऑपरेटर काकांकडे गेले.

"ताई, मशीनला नावं ठेवू नका हं," काका म्हणाले. मग तारखा नीट वाचल्या. "अरे, तेव्हा आपला काटा रिपेअरला गेला होता. स्टोअरमधला जुना लावला होता."

म्हणजे जुना काटा कमी दाखवत होता, आणि काका इमानदारीनं त्याच काट्यावर ५०० जमवत होते. रजिस्टर सपाट राहिलं ते त्यामुळेच.

"मग काट्याची रोजची तपासणी पास कशी झाली?" साहेबांनी विचारलं. ती १०० ग्रॅमच्या वजनावर होते. ०.१ टक्का मुभा, म्हणजे १०० मिलिग्रॅम. तिथे ४० मिलिग्रॅमची चूक सहज खपते. आम्ही गोळ्या मात्र वीस-वीस तोलतो, म्हणजे जेमतेम १० ग्रॅम. तिथेही चूक ४० चीच निघाली, गोळीमागे बरोबर २.

जुन्या काट्यावर लाल लेबल चिकटलं, रोजच्या तपासणीत १० ग्रॅमचं वजन आलं. सही राहिली बाजूला. त्या दोन तारखांमधल्या बॅचेसची यादी काढायला मी आणि काका बसलो.