तुम्ही विचारलेत म्हणून: खाडी आपली, मग केनिया कशाला?

"बाई, खाडी आपली, कचराही आपलाच, मग त्यात आफ्रिकेतली मुले कशाला हवीत?" ठाणे खाडीकाठच्या आमच्या कळव्याच्या शाळेत पालकसभा झाली की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. नववीला भूगोल शिकवताना गेली काही वर्षे मी केनियाच्या क्वाले परगण्यातील, समुद्राला लागून असलेल्या एका शाळेबरोबर खाडीच्या पाहणीचा उपक्रम चालवते. तुम्ही विचारलेत म्हणून, या वेळी उभ्या-उभ्या न देता सविस्तर उत्तर देते.

आधी एक कबुली देते. केनियापूर्वी आम्ही युरोपातील एका शाळेशी असेच नाते जोडले होते आणि ते वर्षभरातच आटोपले. तिकडून वापरलेल्या पुस्तकांची आणि पेनांची खोकी आली, आमच्या मुलांनी आभाराची पत्रे लिहिली, आणि पुढे त्यांच्या वार्षिक पत्रकात आमच्या वर्गाचे छायाचित्र 'गरजू मुले' अशा अर्थाच्या ओळीखाली छापून आले. त्यात कोणाचा वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. परंतु एकाने द्यायचे आणि दुसऱ्याने आभार मानायचे, एवढीच कामाची वाटणी असेल तर त्यातून शिकणार कोण? संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची जी 17 उद्दिष्टे स्वीकारली त्यांतील शेवटचे भागीदारीचे आहे, आणि आमच्या व्हरांड्यातल्या भित्तिचित्रात ते मुलांनी छान निळ्या रंगात रंगवलेही होते. भागीदारी म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र त्या चित्रात कुठेच नव्हते.

म्हणून दुसऱ्या खेपेस अट एकच ठेवली: पैसा किंवा वस्तू कोणीच कोणाला पाठवायच्या नाहीत, दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या खाडीत एकच मोजणी करायची आणि आकडे एकमेकांना कळवायचे. मोजणीसाठी एक मीटर लांब-रुंद दोरीची चौकट. ती ओहोटीच्या वेळी, परवानगी घेऊन, चिखलाच्या काठावर अंथरायची आणि आतली तिवराची (खाडीकाठच्या खारफुटीच्या एका झाडाची) हवेसाठी चिखलातून वर येणारी श्वसनमुळे, चिंबोऱ्यांची बिळे आणि प्लास्टिकचे तुकडे मोजायचे.

पहिल्याच खेपेला घोळ झाला, आणि खरे शिक्षण तिथूनच सुरू झाले असे मला वाटते. आमच्या चौकटीत श्वसनमुळांची गर्दी होती, तर त्यांच्या निम्म्या चौकटींत एकही नव्हते. कारण त्यांच्या खाडीत कांदळ ही खारफुटीची दुसरी जात अधिक, आणि कांदळाला बुंध्यापासून फुटणारी कमानीसारखी आधारमुळे असतात. तिवराप्रमाणे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येणारी मुळे त्याला नसतात. त्यांच्या वर्गाने विचारले, "तुमच्याकडे जिकडेतिकडे एकच झाड का?" रोज विटाव्याहून पूल ओलांडताना ती झाडी पाहणाऱ्या आमच्यापैकी कोणालाही, मलासुद्धा, हा प्रश्न कधी पडला नव्हता. मुलांनी वाचन केले, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन आली, चेंदणी कोळीवाड्यातील दोन आजोबांशी बोलली. तिवर खारटपणा आणि प्रदूषण इतर अनेक जातींपेक्षा अधिक सोसते. आणि आमच्या खाडीला शहरांचे सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याचे पाणी वर्षानुवर्षे मिळत आले आहे. एरवी जे वाक्य मुलांनी पुस्तकातून पाठ करून पेपरात लिहिले असते, ते त्यांना येथे कोणाला तरी समजावून सांगावे लागले, आणि समजावताना आपल्यालाच अर्धे समजलेले नाही हे त्यांच्या लक्षात आले.

फ्लेमिंगोंच्या बाबतीतही असेच झाले. 2015 मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे मुलांनी अभिमानाने कळवले. त्यालाच जोडून "हे पक्षी तुमच्या आफ्रिकेतून येतात" असेही ठोकून दिले. तिकडून विचारणा आली की हे तुम्हाला कसे कळले. शोध घेतल्यावर निघाले की आपल्याकडचे बहुतेक फ्लेमिंगो कच्छच्या बाजूने येतात. वर त्या मुलांनीही प्रामाणिकपणे लिहिले की केनियाची फ्लेमिंगोंची सरोवरे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहेत आणि त्यांच्यापैकी कोणीच ती पाहिलेली नाहीत.

प्लास्टिकच्या प्रश्नावर मात्र आम्ही पुरते अडचणीत आलो. केनियात पिशव्यांवर ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे. तिथे शिक्षेत कैदेचीही तरतूद आहे. महाराष्ट्रात बंदी आली मार्च 2018 मध्ये. "तुमच्याकडेही कायदा आहे, मग चौकटीत एवढ्या पिशव्या कशा?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला मुले जांभळी नाक्याच्या बाजारात गेली. भाजीवाल्या मावशींनी त्यांना सरळ सांगितले की पिशवी नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाते. तिकडच्या चौकटींत पिशव्या थोड्या निघाल्या, बाटल्या मात्र भरपूर. ती बाटल्यांची गोष्ट त्यांनी न लपवता कळवली, याचे मला अधिक कौतुक वाटते.

अडचणींविषयी थोडे. तिकडचे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते, आपले जूनमध्ये. त्यांचा मोठा पाऊस मार्च ते मे, आपला जून ते सप्टेंबर. सुट्ट्या आणि परीक्षा वजा केल्या की दोन्हीकडे एकाच वेळी चिखलात उतरता येईल असे जेमतेम जानेवारी-फेब्रुवारी हातात राहतात. घड्याळात अडीच तासांचे अंतर आहे, ते आम्ही पाठ केले होते. तरीही एकदा "सा तिसा" असा निरोप आला. 'तिसा' म्हणजे नऊ, हे शोधून आमची मुले साडेअकराला संगणक कक्षात जाऊन बसली आणि कोणीच भेटले नाही. त्यांच्या स्वाहिली भाषेत तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे 'सा तिसा' म्हणजे दुपारचे तीन, आपले साडेपाच, हे संध्याकाळी उलगडले. त्याच भाषेत दुकानाला 'दुका' आणि गाडीला 'गारी' म्हणतात हे कळल्यावर मुलांना झालेला आनंद कोणत्याही उद्दिष्टात बसणारा नाही, पण पुढची पत्रे त्यामुळे लांबलचक झाली.

खाडी स्वच्छ झाली का, असे विचाराल तर नाही झाली. नऊ चौकटींनी ती होणारही नव्हती, आणि तसे आश्वासन मी पालकांना कधी दिलेले नाही. मुले खाडीविषयी जे बोलतात ते मोजून बोलतात, आणि कोणी "कशावरून?" असे विचारले की चिडत नाहीत, इतका फरक मला दिसतो. माझ्या मते हे येथल्या येथे साधणे कठीण होते, कारण येथे सगळ्यांना सगळे आधीच ठाऊक असते. परक्याला सांगताना मात्र मुळापासून सांगावे लागते.

खर्च म्हणाल तर दोरी, वह्या आणि पंधरवड्यातून एक तास. फेब्रुवारीच्या शेवटी नववीची मुले आपल्या वह्या आठवीकडे सोपवतात. यंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर तिकडचा नवा प्रश्न उतरवून ठेवला आहे: चौकटीत चिंबोऱ्यांची बिळे कमी आणि प्लास्टिक जास्त, असे नेहमीच असते का? त्यासाठी यंदा चौकटी वाढवून वीस केल्या आहेत, आणि दोरी आणायला ज्यांना पाठवले त्यांत सुरुवातीचा 'आफ्रिकेतली मुले कशाला' हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा मुलगाही आहे.