३१ माणसं, ३१ अ‍ॅडमिन

आमच्या जेन्किन्सवर (कोड तपासून सर्व्हरवर चढवणारं सॉफ्टवेअर) ३१ लॉगिन होती आणि ३१ही जण अ‍ॅडमिन. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. जेन्किन्स नव्याने बसवलं की सुरक्षेच्या पानावर ‘लॉगिन केलेला कुणीही काहीही करू शकतो’ हाच पर्याय निवडलेला असतो. आम्ही पाच जण एका टेबलाभोवती बसायचो तेव्हा तो तसाच राहून गेला. पुढे पाचाचे एकतीस झाले, चार टीम झाल्या, जॉब (जेन्किन्सला नेमून दिलेली कामं) १४३ वर गेले, पण कारभार आपला ‘आओ जाओ घर तुम्हारा’. जेन्किन्सच्या चिन्हात हातावर नॅपकिन टाकलेला एक बटलर उभा असतो. आमचा हा दिवाणजी मागेल त्याला तिजोरीची किल्ली काढून देत होता.

जुलैमध्ये एक नवा मुलगा लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याला आपली ब्रँच (आपले बदल असलेली कोडची शाखा) स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, टाकायची होती. यादीत ‘पेमेंट-डिप्लॉय’ आणि ‘पेमेंट-डिप्लॉय-न्यू’ असे दोन जॉब. ‘न्यू’ म्हणजे चाचणीचा असणार, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं असतं. प्रत्यक्षात तो प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरचा होता, आणि गेली तीन वर्षं ‘न्यू’च होता. चाळीस मिनिटं पेमेंट बंद. मुलगा पांढराफटक पडून माझ्या टेबलाशी उभा. संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, “हे परमिशनचं एकदा बघून टाक. दोन दिवसांचं काम असेल ना?”

सात आठवडे लागले.

आधी मला वाटलं, टीमचा तक्ता घ्यायचा आणि त्याप्रमाणे टिका मारत जायचं. पण प्रत्येक बिल्डच्या (जॉबच्या एका खेपेच्या) पानावर ते कुणी सुरू केलं हे लिहिलेलं असतं, म्हणून सहज मागच्या तीन महिन्यांचे प्रॉडक्शनचे बिल्ड काढून बघितले. ६४ डिप्लॉयपैकी ४१ टेस्टिंगच्या ताईंनी केलेले. तक्त्यात ज्यांच्या नावापुढे ‘रिलीज’ लिहिलं होतं, त्यांचा एकही नाही. विचारलं तर म्हणाले, “मी सांगतो, त्या दाबतात.” रात्री अकरा वाजता घरून, कुकर लावता लावता, दोन वर्षं त्या हे करत होत्या. मी हे वहीत लिहून घेतलं, आणि मग यादी तक्त्याप्रमाणेच केली. प्रॉडक्शनला मंजुरी कुणी द्यायची त्या नावांची चिठ्ठी वरून आली होती, तिच्यात दोन टीम लीड होते. ताईंना फक्त स्टेजिंग. त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बरं.”

जुन्या जॉबची सफाई लवकर उरकली. सहा महिन्यांत न चाललेले ५८ निघाले. ते मी डिलीट न करता नुसते बंद केले, हे बरं झालं. कारण त्यातला एक अकाउंट्सचा मार्च-एंडचा रिपोर्ट निघाला. वर्षातून एकदाच चालणारा.

खरी धास्ती पासवर्डची होती. प्रॉडक्शन सर्व्हरची एसएसएच की (आत शिरायची डिजिटल किल्ली) आणि डेटाबेसचा पासवर्ड ‘ग्लोबल’ म्हणून साठवलेले. म्हणजे ज्याला कुठलाही जॉब एडिट करता येतो, तो त्यांचा आयडी लिहून ते वापरू शकतो. “पण लॉगमध्ये तर पासवर्डच्या जागी चांदण्या दिसतात,” मॅनेजर म्हणाले. मी त्यांच्यासमोर दोन ओळींचा जॉब लिहिला, पासवर्ड उलट्या क्रमाने छापला. जेन्किन्स मूळ अक्षरं आणि त्यांची काही ठरावीक रूपं झाकतं, त्यापलीकडे रूप बदललं की त्याला ओळखू येत नाही. छापलेलं पुन्हा सुलट करून दाखवलं, तेव्हा त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. दोन दिवसांचा विषय त्यानंतर निघाला नाही. प्रत्येक टीमला एक फोल्डर केला, ज्याची किल्ली त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवली, आणि सगळे पासवर्ड बदलले. जे एकदा ३१ जणांच्या हाताखालून गेलं, ते जागा बदलून गुपित होत नाही.

मग रोल, म्हणजे परवानग्यांचे गठ्ठे. त्यासाठी रोल-स्ट्रॅटेजीचा प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) घातला. त्यात रोलला एक नमुना द्यायचा असतो, ज्या जॉबचं नाव नमुन्यात बसेल ते त्या रोलला दिसतात. मी लिहिलं ‘पेमेंट-*’. सोमवारी सकाळी चॅटवर ओरड: “माझे जॉब गेले!” फाइल शोधताना * म्हणजे ‘पुढे काहीही’, ही बोटांची सवय. इथे मात्र रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुने लिहायची चिन्हांची भाषा) लागतं, आणि त्यात * म्हणजे ‘आधीचं अक्षर शून्य किंवा कितीही वेळा’. म्हणजे माझ्या नमुन्यात ‘पेमेंट’ बसत होतं, ‘पेमेंट----’ सुद्धा बसत होतं, फक्त ‘पेमेंट-डिप्लॉय’ बसत नव्हतं. एका टिंबाची चूक: ‘.’ म्हणजे कुठलंही अक्षर, म्हणून ‘.*’ हवं होतं. जॉब फोल्डरमध्ये गेल्यावर ‘पेमेंट/.*’ लिहिलं, तर आतल्या खोल्या उघड्या आणि वाड्याचा दरवाजाच बंद, कारण फोल्डरचं स्वतःचं नाव नुसतं ‘पेमेंट’. शेवटी ‘पेमेंट(/.*)?’ वर, म्हणजे कंसातलं असो वा नसो, गाडी थांबली.

त्याच आठवड्यात मी स्वतःलाही बाहेर काढलं. अ‍ॅडमिन रोलमधून माझं नाव काढून त्याजागी ग्रुपचं नाव टाकलं, आणि ग्रुपचं स्पेलिंग चुकलं. सेव्ह केल्याक्षणी पडद्यावर आलं की तुम्हाला ओव्हरऑल-रीड (नुसतं आत येऊन बघायची) परवानगी नाही. एकतीस अ‍ॅडमिनवरून थेट शून्य! कॉन्फिग डॉट एक्सएमएलची (जेन्किन्सच्या सेटिंगच्या फाइलची) प्रत आधीच काढून ठेवली होती म्हणून निभावलं: सर्व्हर थांबवला, जुनी फाइल परत ठेवली, चालू केला. प्रत नसती तर त्याच फाइलमध्ये सुरक्षा बंद करून, सगळी दारं सताड उघडी टाकून शिरावं लागलं असतं.

डेव्हलपर मंडळी रुसली ती ‘कॉन्फिगर’, म्हणजे जॉब बदलायची परवानगी, गेल्यावर. तो गेला की त्यासोबत ‘रिप्ले’ही गेला. रिप्लेमध्ये त्या एका खेपेपुरती पाइपलाइनची (पायरीपायरीने चालणाऱ्या जॉबची) स्क्रिप्ट बदलून चालवता येते, फारच सोयीची गोष्ट, आणि म्हणूनच मला नको होती. मी म्हटलं, जेन्किन्सफाइल (तीच स्क्रिप्ट) गिटमध्येच, म्हणजे कोडच्या भांडारातच आहे, तिथे बदला. त्यावर एकाने विचारलं, “मग गिटमध्ये मर्ज करणारा काहीही करेल की.” बरोबर होतं त्याचं. कुलूप मी एका दारावरून काढून शेजारच्या दाराला लावलं होतं. मग मुख्य ब्रँचवर दोघांच्या मंजुरीची अट घातली. रुसवा मात्र अजून पूर्ण गेलेला नाही.

प्रॉडक्शनच्या आधी पाइपलाइन थांबते आणि मंजुरी मागते. कोण मंजूर करू शकतो, तिथे मी रोलचं नाव लिहिलं होतं. स्वतः दाबून पाहिलं, चाललं. लीडनी दाबलं, चालेना. तिथे युजर आयडी किंवा बाहेरच्या डिरेक्टरीतला ग्रुप लागतो, प्लगइनमधला रोल तिथे ओळखत नाहीत. मग माझं कसं चाललं? अ‍ॅडमिनला त्या यादीची बंदीच नसते. तिथे कुणाचंही नाव असो, तो दाबू शकतो. मी दोन्ही लीडचे आयडी टाकले, नव्या मुलाला बोलावून त्याच्या लॉगिनवरून दाबायला लावलं, त्याला नकार मिळाला, आणि आम्ही दोघंही खूश झालो.

सप्टेंबरात गणपती आले. दोन्ही मंजुरीवाले कोकणातले. एक सावंतवाडीकडचा, दुसरा गुहागरचा. सुट्टीचे अर्ज मी पाहिले होते, पण दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नव्हते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला परताव्यांच्या रकमा दुप्पट जाताहेत असं कळलं. दुरुस्ती दोन ओळींची, मीच केली, ऑफिसात उरलेल्या दोघांकडून तपासून घेतली, टेस्ट पास. पाइपलाइन मंजुरीपाशी येऊन थांबली. सावंतवाडीचा फोन कव्हरेज क्षेत्राबाहेर. गुहागरचा लागला, मागे टाळ-झांजांचा गजर, “काय? काय? नंतर कर रे, भजन चाललंय,” आणि तुटला तो तुटलाच.

मॅनेजर फोनवर होते. “दाब ना तू. तूच तर अ‍ॅडमिन आहेस.”

पाच मिनिटं थांबलो. मग दाबलं. बदल माझा, मंजुरीही माझी. लॉगमध्ये दोन्हीकडे माझंच नाव, अजूनही आहे. परतावे थांबले, कुणी काही बोललं नाही.

सोमवारी टेस्टिंगच्या ताईंच्या टेबलापाशी गेलो. म्हटलं, “ताई, मंजुरीच्या यादीत तुमचं नाव टाकतोय. गणपतीत गावाला जाता का तुम्ही?”

“माझं सासर-माहेर दोन्ही सोलापूर. गणपतीत मी इथेच असते,” त्या म्हणाल्या. मग कीबोर्डवरून हात काढून माझ्याकडे बघितलं. “पण दिवाळीत नाही हं. आत्ताच लिहून ठेव.”