चौथा कोपरा

“हा त्रिकोण छान आहे, फक्त एक कोपरा वाढवून चौकोन करून द्या.” पुण्याच्या प्रदर्शनात मी विणलेलं मण्यांचं कानातलं हातात घेऊन काकू म्हणाल्या. लेकीचा साखरपुडा, साडी चौकड्याची, म्हणून कानातलेही चौकोनी हवेत. लेक शेजारीच उभी होती.

मी म्हटलं, या विणीत चौकोन सपाट होत नाही. ही बाई भाव वाढवायला निमित्त शोधतेय, हे काकूंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

मी मियुकी कंपनीचे डेलिका नावाचे काचेचे मणी वापरते, जपानी. अकरा नंबरचा मणी जेमतेम दीड मिलिमीटरचा, पण कडा सरळ, त्यामुळे विण घट्ट बसते. भोक मोठं, सुई परत परत जाते. दोरा फायरलाइनचा, मुळात मासे पकडायचा; ओढला तरी सैल पडत नाही. साध्या मण्यांत जाड-बारीक इतके निघतात की निवडण्यातच जीव जातो. चुकून जादा ओवलेला मणी पक्कडीने दाबून फोडला तर काचेची कड दोरा कापते, म्हणून भोकात टोच्या घालून आतून फोडायचा. “काचेचेच तर मणी, एवढे कसले पैसे?” म्हणणाऱ्यांना यातलं काय सांगणार!

तोंडी सांगून काकूंना पटेना, म्हणून सरळ सुई घेतली. माझी विण पेयोट, म्हणजे प्रत्येक मणी आधीच्या फेरीतल्या दोन मण्यांच्या मधल्या फटीत बसतो. तिचा त्रिकोण तीन मण्यांवर सुरू होतो. मी चार मणी ओवून गाठ मारली. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यावर दोन मणी, बाजूंवर एकेक. सगळं त्रिकोणासारखंच. मधे चहा आला आणि गारही झाला.

काही फेऱ्यांनंतर दोन समोरासमोरचे कोपरे वर उठले, दोन खाली वळले. बोटांनी दाबलं की सपाट, सोडलं की परत वाकडं.

हिशेब सोपा आहे, पण विण शिकवणाऱ्या व्हिडिओत फक्त “असं करा” सांगतात, का ते कुणी सांगत नाही. त्रिकोणाची प्रत्येक बाजू मध्याभोवती १२० अंश व्यापते. तीन बाजूंचे ३६० झाले, सपाट. चौथी लावली की ४८०. जादाचे १२० अंश टेबलावर मावत नाहीत, म्हणून वर-खाली पळतात. सपाट चौकोनात बाजूने ९० अंशच घ्यायचे असतात, तेव्हा कोपऱ्यावरची वाढ हळू ठेवावी लागते. तसाही करून देते म्हटलं, रविवारी या.

लेकीने तो वाकडा उचलला, कानाशी धरला आणि आरशात बघत राहिली. “आई, हाच. साडीवर चौकोन आहेतच की.”

इतकी वर्षं ही विण येत असून मी असा तुकडा कधी टेबलावर मांडला नव्हता. गिऱ्हाइकाला सपाट, नीटनेटकंच आवडतं, हे मीच ठरवून टाकलेलं. अजून कळत नाही, कशावरून ठरवलं.

काकू त्रिकोणाचाच भाव द्यायला लागल्या. तेवढ्याच फेऱ्यांत मणी एक-तृतीयांश जास्त जातात, भाव तेवढाच वाढेल म्हटलं. कुरकुरत दिले. एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या ताई विचारायला आल्या, “ते वाकडं काय केलंस गं? मलाही दे ना एक जोड.”