तुम्ही विचारलंत म्हणून : रॅपमधले ट्रम्प

मी हिपहॉप ऐकतो हे कळले की समोरचा हमखास विचारतो : ज्या रॅपरांनी वर्षानुवर्षे डोनाल्ड ट्रम्प यांचे गोडवे गायले, तेच २०१६ मध्ये त्यांच्यावर कसे उलटले?

माझ्या मते गोडवे ट्रम्प यांचे नव्हतेच, त्यांच्या नावाच्या पाटीचे होते. १९८३ मध्ये न्यूयॉर्कला ट्रम्प टॉवर उभा राहिला, तेव्हापासून या गृहस्थांनी आपले नाव श्रीमंतीचा शिक्का म्हणून बाजारात आणले. पुण्यात कल्याणीनगरला आणि मुंबईत वरळीला त्या नावाचे मनोरे आहेत, तेही नाव वापरण्याचा करार करून इथल्याच बिल्डरांनी बांधलेले. रॅपरांनी तो शिक्का करार न करता वापरला, इतकेच. १९९५ मध्ये रेक्वॉनने स्वतःला ‘काळा ट्रम्प’ म्हणवून घेतले आणि २००० मध्ये नेलीने बिल गेट्स व ट्रम्प यांच्या पंक्तीत आपल्यालाही घ्या असे सांगितले. ट्रम्प यांचा अटलांटिक सिटीतला ताजमहाल कॅसिनो १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेला होता, पण गाण्यांतल्या ट्रम्पच्या तिजोरीला त्याची झळ लागली नाही.

याचा सर्वांत गमतीदार नमुना म्हणजे पिट्सबर्गच्या मॅक मिलरचे २०११ मधले गाणे. त्याचे शीर्षकच ‘डोनाल्ड ट्रम्प’. आत मात्र जग जिंकायला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या पोराची मस्ती आहे, ट्रम्प फक्त नावापुरते. गाणे गाजू लागले तेव्हा ट्रम्प यांनी पोराचे जाहीर कौतुक केले आणि २०१३ मध्ये ट्विटरवर त्याच्याकडे पैसे मागितले! पुढे मिलरनेच दूरचित्रवाणीवर त्यांचा कडक समाचार घेतला.

तरीही पाटीचे कारण सांगून मला रॅपरांना सोडून द्यायचे नाही. १९८९ मध्ये सेंट्रल पार्कमधल्या हल्ल्याच्या प्रकरणात पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना अटक झाली, तेव्हा ट्रम्प यांनी चार वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणा असे म्हटले होते. त्या मुलांची शिक्षा २००२ मध्ये रद्द झाली. हे न्यूयॉर्कच्या रॅपरांच्या कानावर नव्हते, असे कोण मानेल? पैशाच्या दिमाखापुढे त्यांनी ते नजरेआड केले, असेच मला वाटते. अपवाद होते : ओकलंडच्या ‘द कू’ या रॅप गटाने १९९४ मध्येच धनदांडग्यांची एक मैफल रचून त्यात ट्रम्प यांना जमैकन ढंगात आपल्या रोकडीची फुशारकी मारायला लावली होती.

जून २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर करताना ट्रम्प मेक्सिकोतून येणाऱ्यांना बलात्कारी म्हणाले आणि पाटीमागचा माणूस बोलू लागला. लॉस एंजेलिसच्या वायजी आणि निप्सी हसल यांनी २०१६ मध्ये त्यांना नाव घेऊन शिवी घातली, ती कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांच्या एकजुटीच्या भाषेत. २०१७ मध्ये एमिनेमने तर आपल्या चाहत्यांनाच बजावले की ट्रम्प यांच्या किंवा माझ्या, एकाच बाजूला राहा.

पण सगळेच उलटले, हेही खरे नाही. कान्ये वेस्ट २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी घालून व्हाइट हाउसमध्ये गेला आणि लिल वेनला जानेवारी २०२१ मध्ये शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात ट्रम्प यांच्याकडून माफी मिळाली. स्नूप डॉगने २०१७ मध्ये ट्रम्प यांच्यासारख्या दिसणाऱ्या विदूषकावर खेळण्यातली बंदूक रोखली होती, तोच २०२४ मध्ये त्यांच्याविषयी प्रेमाने आणि आदराने बोलला. कारण विचारले तर त्याचे उत्तर सरळ होते : ट्रम्प यांनी मायकेल हॅरिस या माझ्या जुन्या साथीदाराला तुरुंगातून सोडवले.