डोव्हरच्या वर्गात वाचलेलं एक मिनिट

अमेरिकेत ज्यांची नातवंडं शिकतात त्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो: "तिकडे शाळेत डार्विन शिकवू देत नाहीत म्हणे?" शिकवतात. सरकारी शाळेत उत्क्रांती शिकवायला आज कुठल्याही राज्यात बंदी नाही. पण ती किती शिकवायची, कुठल्या पुस्तकातून, कुठल्या शब्दांत, हे एका जागी ठरत नाही. वॉशिंग्टनला अभ्यासक्रम ठरवायचा अधिकारच नाही. राज्य मानकं ठरवतं आणि खालचे तेरा हजारांहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्था) आपापल्या परीने ती वर्गात आणतात. पेनसिल्व्हेनियात अशा डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर ९ सभासद असतात, मतदारांनी चार वर्षांसाठी निवडलेले, बिनपगारी. जीवशास्त्राचं पुस्तक विकत घ्यायचं की नाही, यावर हीच मंडळी हात वर करतात. उत्क्रांतीचा वाद इथे प्रयोगशाळेत नाही, या बोर्डाच्या बैठकीच्या खोलीत होतो.

आधीचा इतिहास थोडक्यात. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा बंद्या घटनाबाह्य ठरवल्या. मग "डार्विन शिकवा, पण तेवढंच सृष्टिनिर्मितीचं शास्त्रही शिकवा" असे कायदे आले. १९८७ मध्ये लुइझियानाचा तसा कायदा सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला, कारण सरकारी शाळेने कुठल्याही धर्माची बाजू घ्यायची नाही असं घटनेची पहिली दुरुस्ती सांगते. त्यानंतर पुढे आलं ते 'इंटेलिजंट डिझाइन'. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कुणीतरी बुद्धीने केलेली असणार, असा त्याचा दावा. तो 'कुणीतरी' कोण, हे मात्र मुद्दाम सांगायचं नाही.

याचा कस लागला डोव्हरमध्ये. हॅरिसबर्गच्या दक्षिणेला, यॉर्क काउंटीतलं हे छोटं गाव. १८ ऑक्टोबर २००४ रोजी तिथल्या स्कूल बोर्डाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला, आणि त्यातून नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवायचं चार परिच्छेदांचं निवेदन तयार झालं. वाचायला जेमतेम एक मिनिट. त्याचा आशय असा: डार्विनची थिअरी ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे, तिच्यात पुरावा नसलेल्या फटी आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण असून त्यावरचं 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक हवं असेल तर उपलब्ध आहे, आणि विद्यार्थ्यांनी मन खुलं ठेवावं.

वरवर पाहिलं तर यात गैर काय, असं वाटतं. मन खुलं ठेवायला कोण नाही म्हणेल? गैर हे आहे की सगळ्या विज्ञानातून हा एकच सिद्धांत बाजूला काढला गेला. अणूबद्दल, रोगजंतूंबद्दल, भूखंडांच्या सरकण्याबद्दल असं निवेदन कुणी वाचलं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला यातून कळतं ते एवढंच की हा धडा शाळेलाच पटलेला नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी निवेदन वाचायला नकार दिला. आपल्या विषयाची जाणूनबुजून चुकीची मांडणी करू नये, या राज्याच्या आचारसंहितेतल्या नियमाचा त्यांनी लेखी आधार घेतला. जानेवारी २००५ मध्ये शेवटी प्रशासनातले अधिकारी वर्गात येऊन ते वाचून गेले.

अकरा पालक कोर्टात गेले. खटला ज्युरीशिवाय, २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ असा चालला. न्यायाधीश होते जॉन जोन्स, रिपब्लिकन, खुद्द जॉर्ज बुश यांनी नेमलेले. त्यामुळे हा डाव्या-उजव्यांचा खटला होता असं म्हणता येत नाही. देव विरुद्ध विज्ञान असाही तो नव्हता. पालकांच्या बाजूचे पहिले तज्ज्ञ साक्षीदार केनेथ मिलर हे कॅथलिक, आणि डोव्हरच्या शिक्षकांना हव्या असलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाचे सहलेखकही तेच.

त्या खटल्यातला सगळ्यात बोलका पुरावा मात्र जीवशास्त्राचा नव्हता, मुद्रितशोधनाचा होता. पालकांच्या बाजूच्या तज्ज्ञ साक्षीदार बार्बरा फॉरेस्ट यांनी 'पांडाज'चे जुने खर्डे कोर्टापुढे ठेवले. १९८७ च्या निकालाआधीच्या खर्ड्यांत सगळीकडे 'क्रिएशन' आणि त्या कुळातले शब्द होते. निकालानंतरच्या खर्ड्यात सुमारे १५० ठिकाणी ते काढून 'इंटेलिजंट डिझाइन' घातलेलं, व्याख्या मात्र जवळजवळ तीच. एका ठिकाणी घाई नडली. 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द खोडून तिथे 'डिझाइन प्रोपोनंट्स' चिकटवताना शब्दाची टोकं निवडायची राहून गेली. खर्ड्यात उमटलं: 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स'. पुढचं 'सी' जुन्या शब्दाचं, शेवटचं 'इस्ट्स' जुन्या शब्दाचं, मधे नवा शब्द. उत्क्रांतीच्या अभ्यासात ज्याला संक्रमणशील दुवा म्हणतात, तोच इथे कागदावर सापडला.

विज्ञानाचा मुद्दाही तपासला गेला. बोर्डाच्या बाजूचे साक्षीदार, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा युक्तिवाद असा की जिवाणूची शेपटी (फ्लॅजेलम) उंदराच्या सापळ्यासारखी आहे, एक भाग काढला की सगळंच बंद, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही. मिलर यांनी उत्तर दिलं की याच शेपटीच्या बुडाशी असलेल्या दहाएक प्रथिनांशी मिळतीजुळती प्रथिनं प्लेगच्या जिवाणूत सुईसारखं काम करतात आणि त्याचं विष यजमानाच्या पेशीत सोडतात. भाग काढले म्हणून सगळं निरुपयोगी होत नाही, त्याला दुसरा उपयोग असू शकतो.

त्याहून मोलाचं उदाहरण गुणसूत्रांचं, आणि ते दहावीतल्या मुलालाही समजतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली तर जीव जगणारच नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेली असली पाहिजेत, आणि तसं असेल तर त्या सांध्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला 'टीटीएजीजीजी' या सहा अक्षरांची पुन्हापुन्हा आवृत्ती असते, बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपण असतं तशी. जोडलेल्या गुणसूत्रात ही टोकाची अक्षरं भलत्याच जागी, मध्यावर, समोरासमोर भिडलेली सापडायला हवीत. शिवाय एकाऐवजी दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे आवळलेले भाग) हवेत, त्यातला एक निकामी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमकं हेच सापडतं. त्या सांध्याचा शोध १९९१ मध्ये लागला. ती खूण सापडली नसती तर समान पूर्वजाच्या कल्पनेला मोठा धक्का बसला असता. इंटेलिजंट डिझाइनला असा धक्का कधीच बसत नाही, कारण रचनाकाराने काहीही केलेलं असू शकतं. काहीच चूक ठरू शकत नाही तिथे तपासायलाही काही उरत नाही.

२० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल आला: इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, ते सृष्टिनिर्मितीवादाचंच रूप आहे, सरकारी शाळेत ते चालणार नाही. त्याआधीच, ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत, बोर्डावरचे आठही फेरनिवडणुकीचे उमेदवार पडले होते. नव्या बोर्डाने अपील केलं नाही आणि पालकांच्या वकिलांचे १०,००,०११ डॉलर द्यायचं कबूल केलं. लहानशा डिस्ट्रिक्टच्या तिजोरीतून गेलेले हे पैसे.

अपील झालं नाही याचा एक परिणाम अमेरिकेतल्या मराठी पालकांनी ध्यानात ठेवावा. हा निकाल खटल्यातल्या पक्षांपुरताच बंधनकारक आहे. बाकी राज्यांत त्याचा दाखला देतात, पण सगळीकडे बंधनकारक असलेला निकाल १९८७ चाच. शिवाय २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने धर्म आणि सरकारी शाळा यांबाबतची जुनी कसोटी (कायद्याचा हेतू किंवा परिणाम धार्मिक आहे का, हे बघणारी) सोडून दिली. १९८७ चा निकाल रद्द झालेला नाही, पण ज्या कसोटीवर तो उभा होता ती आता उरलेली नाही.

आता सहसा कुठलंही बोर्ड ठरावात 'इंटेलिजंट डिझाइन' असं सरळ लिहिणार नाही. लिहिलं जातं ते 'सिद्धांताची बलस्थानं आणि उणिवा', 'चिकित्सक विश्लेषण', 'शिक्षकांचं शैक्षणिक स्वातंत्र्य'. २००८ चा लुइझियानाचा आणि २०१२ चा टेनेसीचा कायदा याच भाषेतले. म्हणून बोर्डाच्या बैठकीची विषयपत्रिका वाचायची सवय हवी. ती डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आधीच येते. 'करिक्युलम' आणि 'पॉलिसी' या मथळ्यांखाली काय आहे ते बघावं. धोरणं बहुधा दोन वाचनांनंतर मंजूर होतात, तेव्हा बोलायचं ते पहिल्या वाचनाला. दुसऱ्या वाचनापर्यंत मतं ठरून गेलेली असतात. पालकांना बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. त्यात डार्विनची बाजू मांडत बसू नये. विचारावं एवढंच: हीच अट रसायनशास्त्राच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या धड्याला का नाही? आणि विज्ञान शिक्षकांनी हे मागितलं होतं का? मत द्यायला नागरिकत्व लागतं, पण रहिवासी पालक म्हणून बोलायला सहसा लागत नाही. "हा ख्रिश्चन लोकांचा आपसातला वाद" म्हणून आपली माणसं या खोलीत जात नाहीत. वर्गात मात्र आपली मुलं बसलेली असतात.

खाजगी शाळांना यातलं काहीही लागू नाही. लहान वर्ग आणि शिस्त बघून अनेक भारतीय पालक चर्चशी जोडलेली शाळा निवडतात. कॅथलिक शाळांत उत्क्रांती बहुधा नीट शिकवतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्येच ती निव्वळ गृहीतकाच्या पलीकडे गेल्याचं म्हटलं होतं. इतरत्र प्रवेश घेण्यापूर्वी जीवशास्त्राचं पुस्तक मागून बघावं. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं दिलंय की काही हजार? सूचीत 'समान पूर्वज' सापडतो का? याची झळ पुढे लागू शकते. काही ख्रिश्चन शाळांच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमांना कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी मान्यता नाकारली. त्यावर खटला झाला आणि विद्यापीठ जिंकलं.

घरी बोलताना भाषेचाही घोटाळा होतो. इंग्रजीत 'थिअरी' म्हणजे रोजच्या बोलण्यात अंदाज, म्हणून तिथे "फक्त थिअरी आहे" हे वाक्य खपतं. मराठीत "फक्त सिद्धांत आहे" असं कुणी म्हणत नाही, कारण सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन शेवटाला पोचलेलं. पण आपण 'उत्क्रांतिवाद' असंही म्हणतो आणि तो 'वाद' शब्द तितकंच नुकसान करतो, जणू समाजवाद, भांडवलवाद यांसारखा हा पटला तर घ्यायचा पंथ. मुलांशी बोलताना 'उत्क्रांती' एवढंच म्हणावं.

दुसरी गोष्ट आजी-आजोबांनी मनावर घ्यावी अशी. "हे आपल्या दशावतारात आधीच आहे, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह" असं व्हिडिओ कॉलवर प्रेमाने सांगितलं जातं. क्रम जुळल्यासारखा वाटतो, पण उत्क्रांती म्हणजे क्रम नव्हे, यंत्रणा: पिल्लांत फरक असणं, ते फरक वारशाने पुढे जाणं, आणि काहींनाच जगून प्रजा वाढवता येणं. अवतारकथेत यातलं काही नाही, असायची गरजही नाही. कथेला पुरावा बनवणं ही डोव्हरच्या बोर्डाचीच चूक आहे, फक्त आपल्या ओसरीवर.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवलं, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा लगेच प्रतिवाद केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता' तेवढी उरली, त्याविरुद्ध १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी सह्या केल्या. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाच पहिला पाठ आहे. पुण्या-नागपुरातल्या नातेवाइकांनी तो पाठ अमेरिकेतल्या मुलांबरोबर वाचावा. दोन्हीकडची मुलं मिळून करतील असा प्रयोगही आहे.

सालासकट हिरवे मूग ५० आणि काळे उडीद ५० घ्या. आकार जवळजवळ सारखा हवा. राजमा घेतलात तर हात रंगाने नाही, आकाराने निवडतो आणि प्रयोग फसतो. खाली लव असलेला हिरवा टॉवेल अंथरा, गुळगुळीत ताटात सगळंच दिसतं. दाणे विखरा. एकाने पक्षी होऊन एका हाताने, एकेक, भराभर, बरोबर ५० दाणे उचलायचे, विचार करत बसायचं नाही. उरलेल्या ५० पैकी प्रत्येक दाण्यामागे त्याच रंगाचा एक दाणा टाका, पुन्हा १०० झाले. दर पिढीला मोजून लिहा. तीन-चार पिढ्यांत मूग वाढलेले दिसतात. मूल म्हणेल, "मूग लपायला शिकले." त्याला एकच मूग उचलून दाखवा: हा बदलला का? बदलला नाही, बदललं ते प्रमाण. मग हिरवा टॉवेल काढून काळा अंथरा आणि त्याच दाण्यांनी पुढे चला. ज्या रंगाची चलती होती त्याचीच आता कत्तल होते. नवा रंग मात्र या खेळात कधीच उगवत नाही, कारण उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात होणारा नवा बदल, यात नाही, हेही सांगावं.

शेवटी हाच प्रयोग ५ मूग आणि ५ उडीद घेऊन, दर वेळी ५ दाणे डोळे मिटून उचलून करा. पुण्यात एखादा रंग नाहीसा होईल, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कदाचित दुसरा. टॉवेलचा काही संबंध नाही, दाणे थोडे आहेत एवढंच. त्याला जनुकीय विचलन म्हणतात.