तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातल्या वासराचं रक्त

"माळकरी घरातली तू, आणि पोटातल्या वासराचं रक्त हाताळतेस?" परभणीला गेले की आत्याबाई विचारतात, लग्नकार्यात पाहुणेही विचारतात. "ते नुसतं लाल पाणी असतं" म्हणत मी वर्षानुवर्षं टाळलं. आता सरळ सांगते.

मी प्रयोगशाळेत पेशी वाढवते. लाल पाणी म्हणजे त्या पेशींना पोसणारं द्रव, मीडियम. साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं. लाली फिनॉल रेड नावाच्या रंगाची. 1955 साली अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी पेशींना काय काय लागतं ते एकेक घटक वगळून शोधलं, तरी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, त्यांनाही सोडता आलं नाही. म्हणून आम्ही 10 टक्के सिरम घालतो. कापलेली गाय गाभण निघाली, की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून ते काढतात. त्यात वाढीचे घटक भरपूर, अँटिबॉडी कमी. आमची बाटली परदेशातून येते. पण म्हणून मी सुटत नाही.

एम.एस्सी.ला असताना मी ठणकावून सांगायचे, सिरम हे रसायनच. मग तो मे महिना आला. सिरममधली पेशींना मारक ठरू शकणारी प्रथिनं निकामी व्हावीत म्हणून 500 मिलीची बाटली 56 अंशांच्या पाण्यात 30 मिनिटं ठेवायची होती. ठेवली, तेवढ्यात घरून फोन: चांदी व्याली, कालवड झाली. मी बाहेर बोलत बसले. वॉटर बाथचा थर्मोस्टॅट अडकला होता, पाणी तापतच गेलं. थर्मामीटर घालून बघणं माझं काम, मी बघितलं नव्हतं. परत येऊन बाटली तिरकी केली तर आतलं हललंच नाही. पिवळसर, थलथलीत, कडेनं पाणी सुटलेलं. खरवस. दुसरा शब्दच सुचला नाही. दोन दिवसांनी गावी आईनं चांदीच्या चिकाच्या खरवसाची वाटी पुढं केली. मी ती परत सरकवली, कारण सांगितलं नाही.

पुढे वाचलं, बहुतेक पेशींसाठी सिरम असं तापवावंच लागत नाही.

प्रयत्न केला नाही असं म्हणू नका. काही पेशींना सिरमविना मीडियम तयार मिळतं. माझ्या पेशी त्यात जगल्या नाहीत. मग वासराचं दूध तोडतात तसं हळूहळू केलं, 10 वरून 5, मग अडीच. पेशी गोल झाल्या, तळ सोडून तरंगू लागल्या. आज सकाळी तळाला धरून असलेल्या थोड्याच दिसल्या. त्यांना मी पुन्हा 10 टक्के सिरम घातलं.