खाडा

आज पहिल्या पाळीत लेथवरचा पोरगा तापाने फणफणला होता. घरी जा म्हटलं, तर म्हणाला, "ताई, खाडा पडला की हजेरी गेली." ठेकेदाराकडचा आहे तो. दुपारपर्यंत त्याच्या हातून नऊ जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचे सुटे भाग, बिघडून रिजेक्शनला गेले. आता शेजारच्या मशीनवरचे काकाही खोकतायत. एका दिवसाची मजुरी वाचवून कुणी काय कमावलं?

ईएसआयसाठी, म्हणजे सरकारी कामगार विम्यासाठी, त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालकाचे ३.२५ टक्के. आजारपणात ७० टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस सहसा धरतच नाहीत, आणि असला ताप दोनच दिवसांचा असतो! शेवटी मीच त्याला रिक्षात बसवलं. उद्या ठेकेदाराशी बोलणार आहे.